बाळंतपणाचे बंद डबे

१२ एप्रिल १९५८

गेल्या पावसाळ्यातली उरलेली बाळंतपणाची पुडकी आज डॉक्टरांसमोर सोडली. एकही धड नव्हतं. खाकी कागद हात लावताच फाटला, आतल्या कापडाला काळी बुरशी, ब्लेडला गंज, आणि नाळ बांधायच्या दोऱ्याला असा वास की डॉक्टरांनी रुमाल नाकाला लावला. मग माझ्याकडे बघून विचारलं, यांना वाफ दिली होती ना?

अठरा वर्षं मी या दवाखान्यात कंपाउंडर आहे. डॉक्टर आठवड्यातून दोनदा तालुक्याहून येतात, चहा पितात नि जातात. वाफेचं भांडं स्टोव्हवर चढवायचं, दाबाच्या काट्याकडे बघत बसायचं, पुडकी काढायची, वाळवायची, गावोगावच्या सुइणींना पोचवायची, हे सगळं मी करतो. वाफ दिली होती. पण जून ते श्रावणअखेर इथे मिठाचं पाणी होतं, काड्यापेटी पेटत नाही, तिथे कागदाची काय कथा. सुइणी ती पुडकी कमरेला खोचून चिखलातून जातात. पोचेपर्यंत वाफ दिली काय नि न दिली काय.

डॉक्टर म्हणाले, पावसाळा काढील असं काहीतरी बनवा. जाताना असंही म्हणाले की गेल्या वर्षी आपल्या भागात धनुर्वाताने सात अर्भकं गेली. जणू मला माहीत नव्हतं. नोंदवहीत ती सात नावं माझ्याच अक्षरात आहेत. नावं कसली, बारसं कुणाचंच झालं नव्हतं. बापाचं नाव आणि पुढे 'मुलगा' किंवा 'मुलगी'.

२७ एप्रिल

पत्रा. दोन आठवडे मेणकापड, रबरी कापड, बरणी असं काय काय करून पाहिलं, आणि उत्तर दवाखान्याच्या मागे ढिगात पडलेलं होतं. गरोदर बायांसाठी दुधाची पावडर येते, तिचे रिकामे डबे.

आज दोन कोस चालून बोर्लीला गेलो. बाजारात करमअली पत्र्याच्या चिमण्या, मापं, पन्हळी करतो. हात साफ आहे, तोंडही चालतं. त्याला कागदावर चित्र काढून दाखवलं: तळहाताएवढा चपटा डबा, आत गॉझ, दोरा, ब्लेड, झाकण कथील लावून कायमचं बंद, कडेला पत्र्याची जीभ, सांडशीने धरून ओढली की झाकण सोलून निघेल. त्याने चित्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाला की जीभ कडेला नको, कोपऱ्यात पाहिजे. कोपऱ्यात घेतली. उद्या हा सांगत सुटेल की डबा याच्याच डोक्यातून निघाला. या गावात कुणालाही काहीही करून दाखवा, दुसरा पुढे होऊन कपाळाला गंध लावून घेतो.

१९ मे

चाळीस डबे झाले. वाफ देऊन रचून ठेवले आहेत. एक छपरावरून खाली टाकला, एकावरून बैलगाडीचं चाक गेलं, एक चार दिवस ओल्या गोणपाटात ठेवला. चेपले, पण फुटले नाहीत. डॉक्टरांनी एक हातात घेऊन कानाशी हलवला आणि "छान" म्हणाले. दोन अक्षरं. तीही मोजून.

संध्याकाळी मनुबाईला बोलावून डबा उघडायला शिकवलं. साठीची बाई, गावातली निम्मी माणसं तिच्याच हातावर जन्मली. गेल्या साली सरकारी शिकवणी झाली तेव्हापासून तिला पिशवी, साबण आणि नखं कापायची कात्री मिळाली आहे. ती पिशवी देवघरात ठेवते. तिने सांडशीने झाकण सोललं, आत बघितलं आणि हसली. म्हणाली, दागिन्याच्या डबीत सुद्धा एवढी बडदास्त नसते.

मला बरं वाटलं. लिहून ठेवतो, कारण असं फारसं होत नाही.

१४ जुलै

पेरण्या झाल्यापासून अकरा बाळंतपणं. अकराही पोरं पंधरवडा उलटून सुखरूप. डॉक्टरांनी नोंदवही बघितली आणि 'आपला प्रयोग' असा शब्द वापरला. आपला.

२ ऑगस्ट

करमअलीने मला फसवलं. एका बाईला माहेरी कळा लागल्या म्हणून तिच्यासाठी दिलेला डबा न उघडता परत आला. सहज तपासावा म्हणून विहिरीच्या पाण्यात बुडवला, तर दोन्ही टोकांकडून बुडबुडे. कडेची घडी उचकटून पाहिलं. तांदळाच्या कणीएवढी दोन भोकं, समोरासमोर. आतलं गॉझ दमट. आणखी चार डबे तपासले. प्रत्येकाला दोन भोकं, प्रत्येकाचं गॉझ दमट, एकावर गंजाचा ठिपकासुद्धा.

भर पावसात बोर्ली गाठली. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, बंद डब्याला कथील लावताना आतली हवा तापते. तिला वाट नको? वाट ठेवली नाही तर कथील बसत नाही, फुगून बाहेर येतं. एक भोक जायला, एक यायला. आमच्या वालिदांपासून हीच रीत हाय."

मी म्हटलं, मग शेवटी ती भोकं बुजव. तो म्हणाला की डबे थंड झाल्यावर बुजवता येतील, नाहीतर वाफ देऊन झाल्यावर आणा, एका थेंबाचं काम आहे. वाफ दिल्यावर? म्हणजे निर्जंतुक केलेला डबा पुन्हा त्याच्या दुकानात, त्या राखेत, त्या विड्याच्या थुंकीत? शिवाय सगळे डबे डोक्यावर घेऊन दोन कोस जा, दोन कोस या, पुन्हा जा, पुन्हा या. मी सांगितलं, भोकं इथेच बुजवायची, मग डबा माझ्याकडे येईल, मग वाफ. माझ्या हातून निघालेला डबा बाळंतिणीच्या खोलीतच उघडेल, मध्ये कुणी हात लावणार नाही. त्याने खांदे उडवले. या लोकांना शास्त्र समजावून सांगण्यात अर्थ नाही.

२३ ऑगस्ट

दुसरी खेप आली. एकेक डबा विहिरीत बुडवून पाहिला, एकाही बुडबुड्याचं नाव नाही. वाफेच्या भांड्यातून काढताना डबे टकटक वाजतात, एवढंच. वाफ दिल्यावर एक उघडला: गॉझ कोरडं ठणठणीत, ठेवलं तसंच. ब्लेडवर डाग नाही. आजवर माझ्या हातून इतकं निर्दोष काम झालं नव्हतं.

जुन्या खेपेचे तेरा डबे उरले आहेत. ते टाकवत नाहीत आणि द्यायची लाजही वाटते. मागच्या फळीवर ठेवले.

५ सप्टेंबर

डॉक्टरांनी वर अहवाल पाठवला. नक्कल मीच केली. 'माझ्या देखरेखीखाली तयार करण्यात आलेला टिकाऊ डबा.' तीन पानांत माझं नाव नाही. 'स्थानिक कर्मचारी' म्हणून एका ओळीत मी आहे. ती ओळ मी सुवाच्य लिहिली.

१९ सप्टेंबर

धर्माजीच्या सुनेचं मूल गेलं. सातव्या दिवशी दूध ओढेना, आठव्या दिवशी दातखीळ, नवव्या दिवशी खेळ संपला. मी गेलो होतो. हात लावला की अंग ताठ होई, पाठ कमानीसारखी. दाराशी मनुबाई बसून होती. तिला विचारलं, डबा वापरलास ना? म्हणाली, तुमचाच. हात धुतलेस? म्हणाली, धुतले.

डबा शिकवल्यापासूनचा हा पहिलाच मृत्यू.

११ ऑक्टोबर

दुसरं. मोहम्मद खलाशाची मुलगी. त्याच्या बायकोच्या, तैयबाच्या, चेहऱ्याकडे मला बघवलं नाही. पुन्हा मनुबाई, पुन्हा आठवा दिवस.

मी रात्रभर विचार केला. डबा विहिरीत बुडवून पाहिलेला, वाफ पुऱ्या अर्ध्या तासाची, दाबाचा काटा मी स्वतः बघितलेला. डब्यात काही शिरूच शकत नाही. मग उरलं काय? दोन हात.

१६ ऑक्टोबर

चौकशी झाली. डॉक्टर, सरपंच आणि मी. मनुबाईने सांगितलं की सात पाण्यांनी हात धुतले, मग नाळ कापेपर्यंत सोन्यालासुद्धा शिवले नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "कंपाउंडरभाऊ, पयल्या डब्यातली फडकी वलसर निघायची. आता कोरडी ठाक निघतात. वाफंत शिजलेलं फडकं कोरडं कसं ऱ्हातं?"

सरपंचांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना समजावून सांगितलं की कोरडं निघणं हाच तर डब्याचा गुण, पूर्वीची ओल हा दोष होता आणि तो मी काढला. डॉक्टरांनी मान हलवली. त्यांना बाराची होडी गाठायची होती.

अहवाल मी लिहिला. 'सुईण निरक्षर असून डब्याविषयी विपरीत समजुती बाळगते. हातांची स्वच्छता संशयास्पद.' डॉक्टरांनी सही केली. पिशवी परत घेतली. देताना ती स्वतःचे तळवे उलटेसुलटे करून बघत होती. मला तिची दया आली, पण दयेने पोरं जगत नाहीत.

२ नोव्हेंबर

नवी सुईण आली, नीराबाई. म्हसळ्याकडची, तिशीतली विधवा, जिल्ह्याला महिनाभर शिकून आलेली. सांगितलं तेवढंच करते, हे फार झालं. तिला आधी मागच्या फळीवरचे जुने डबे संपवायला दिले. नवखी आहे, चुकून एखादा डबा वाया गेला तर तो जुना जावा.

२८ डिसेंबर

नीराबाईची नऊ बाळंतपणं. नऊही पोरं धडधाकट. हेच मी चौकशीत सांगत होतो. आता कुणी तोंड उघडत नाही. मनुबाईला तर मिठागरावरची बाईसुद्धा बोलावत नाही. परवा ती वाटेत दिसली, लाकडाची मोळी घेऊन. मी दुसरीकडे पाहिलं. तिनेही.

वरून कागद आला आहे: डबा उपयुक्त दिसतो, जिल्ह्याच्या बाकीच्या दवाखान्यांसाठी नमुना पाठवा.

६ जानेवारी १९५९

माझी लेक कोकिळा आली. पहिलं बाळंतपण, म्हणून सासरहून, तळे गावाहून, तिच्या दिराने आणून सोडलं. हिची आई जाऊन सहा वर्षं झाली, त्यामुळे घरात मीच. पोरीने येताच चूल ताब्यात घेतली आणि मला दोन शिव्या हासडल्या की भांड्यांना काजळी केवढी. घरात आवाज झाला. ती सासरी गेल्यापासूनच्या चार वर्षांत पहिल्यांदा मी जेवताना पुन्हा भात मागितला.

तिने विचारलं, मनुबाई येईल ना? तिच्याच हातावर मी झाले. मी सांगितलं की ती आता काम करत नाही. का, म्हणाली. मी म्हटलं, हात चांगला राहिला नाही.

२२ जानेवारी

नातू झाला. सकाळी सव्वासातला, दिवस वर येता येता. नीराबाईने सगळं नेमकं केलं. मी पडद्याबाहेर उभा राहून एकेक पायरी विचारत होतो आणि ती एकेक सांगत होती. डबा मीच निवडला. जुने संपलेच होते, नवीन खेपेतला सगळ्यात सुबक घेतला, कथिलाची रेघ बघून. झाकणही मीच सोललं, आतल्या कशालाही बोट न लावता तिच्यापुढे धरला. गॉझ कोरडं, पांढरं.

कोकिळा म्हणाली, बाबा, तुमच्यासारखेच कान आहेत. आहेत.

२४ जानेवारी

जिल्ह्याच्या नमुन्याबरोबर द्यायच्या पत्रात 'प्रस्तुत कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या नातवाच्या जन्माच्या वेळी हाच डबा वापरण्यात आला' असं लिहिलं. डॉक्टर म्हणाले, उत्तम, हे ठेवा.

२८ जानेवारी

सकाळपासून दूध ओढत नाही. तोंडात घेतो नि सोडतो. कोकिळा म्हणते झोपेत असेल. मी बोटाने हनुवटी खाली ओढून पाहिली. खाली येत नाही.

मी असं नोंदवहीत पुष्कळदा लिहिलं आहे. 'स्तनपान बंद, दिवस सातवा.'

३० जानेवारी

गेला.

२ फेब्रुवारी

डॉक्टर भेटायला आले. मी नीराबाईवर घसरणार होतो, खरं तर आदल्या दिवशी तिला दाराबाहेर काढलंच होतं. पण कुठून सुरुवात करावी ते कळेना. हात तिने माझ्यासमोर धुतले, डबा मी उघडला. डॉक्टरांना हे सगळं क्रमाने सांगत गेलो. ते टेबलावरचा डबा उचलून बघत होते, पहिल्यांदाच नीट बघत होते. म्हणाले, "याच्यात वाफ शिरते कुठून?"

मी म्हणणार होतो, याच्यात काहीही शिरत नाही. तेवढं वाक्य माझ्या तोंडात तयारच होतं, कारण सहा महिने तेच मी सगळ्यांना सांगत होतो. अर्धं म्हटलं आणि थांबलो.

डॉक्टर खुर्चीत बसले. मग त्यांनी हळूहळू सांगितलं, जणू मी विद्यार्थी. नुसत्या गरम पत्र्याने धनुर्वाताचा जंतू मरत नाही, ओली वाफ त्याला लागावी लागते. पहिल्या डब्यांना भोकं होती, म्हणून ते डबे बाळांना लाभले. भोकं ठेवून वाफ द्यायची आणि मग तिथल्या तिथे बुजवायची, बस्स.

एका थेंबाचं काम. हे मला पत्रेवाल्याने सांगितलं होतं, आणि कोरडं फडकं बघून एका अडाणी बाईने विचारलं होतं.

जाताना डॉक्टर दाराशी थांबले. "हे कुठे बोलू नका," म्हणाले. "कागदावर माझंही नाव आहे. सुधारणा म्हणून लिहून पाठवू." मी मान हलवली. लिहिताना लाज वाटते आहे, पण त्या क्षणी मला हायसं वाटलं.

४ फेब्रुवारी

कोकिळेला ताप. दूध दाटून छाती दगडासारखी झाली आहे, पदर लागला तरी कळवळते. नीराबाई आता माझ्या दारात पाय ठेवत नाही.

दुपारी मागच्या दाराने मनुबाई आली. कुणी बोलावलं नव्हतं. मला न विचारता आत गेली, पाणी गरम केलं, पोरीची छाती शेकून, दूध पिळून काढून, जुन्या लुगड्याच्या पट्टीने घट्ट बांधली. कोकिळा तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. पोर गेल्यापासून ती माझ्यासमोर रडली नव्हती.

बाहेर येऊन मनुबाईने हात धुतले. फार वेळ धुतले. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या दोन पोरांपासून म्या धरून चालले व्हते का माझ्या हातालाच कायतरी लागलंय. नातवंडाला बी घेत न्हवते मी. आता या पोराला तर माझा हात लागला न्हाय. मंग माझा हात न्हवता, न्हवं का, कंपाउंडरभाऊ?"

तिला फक्त एक 'नव्हता' हवं होतं. मी म्हटलं, देवाची इच्छा. तिने ओले हात पदराला पुसले आणि गेली.

मी भित्रा माणूस आहे. अठरा वर्षं मला वाटत होतं की माझी किंमत कुणाला कळत नाही. मला ती कळली.

१० फेब्रुवारी

दुसऱ्या खेपेचे उरलेले सगळे डबे सोलले, ब्लेड काढून घेतली, बाकी जाळलं. करमअलीकडे जाऊन सांगितलं की आता भोकं ठेव, बुजवायचं कथील आणि ते लावायची डागणी मला दे, मी दवाखान्यातच बुजवीन. तो म्हणाला, ठीक. का, ते विचारलं नाही. जुलेखाने, त्याच्या बायकोने, चहा आणला. तैयबा तिची धाकटी बहीण लागते हे मला आज कळलं. तिने माझ्या नातवाबद्दल दुःख व्यक्त केलं. माझ्याच्याने चहा संपवला गेला नाही.

१७ फेब्रुवारी

वरून पत्र. नमुना पसंत. पण त्यासोबत पाठवलेल्या 'सुधारणे'विषयी खुलासा मागितला आहे: भोके वाफ दिल्यानंतर बुजवण्याचा बदल कोणत्या आधारावर सुचविला?

डॉक्टरांनी कागदाच्या समासात पेन्सिलने लिहून पाठवलं, 'दोन ओळींत उरका.' मी उरकलं. 'सदर बदल प्रत्यक्ष अनुभवावरून सुचविण्यात येत आहे.' नक्कल वाळायला टेबलावर ठेवली.

कोकिळा चौथीपर्यंत शिकली आहे. तिने कागद उचलून ओळीवर बोट ठेवत वाचला. दोनदा वाचला. मग जिल्ह्याचं पत्र वाचलं.

"कोणाच्या अनुभवावरून?" म्हणाली.

मी दौतीचं झाकण लावलं. तिने आणखी विचारलं की म्हणजे माझ्या वेळच्या डब्यात वाफ गेलीच नव्हती का. मी नाही म्हटलं. धर्माजीच्या सुनेच्या? तैयबाच्या? नाही. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"मनुबाईला सांगितलंत?"

"नाही."

तिने कागद होता तिथे ठेवला. अजून तिला नीट चालवत नाही, पट्टीही सोडलेली नाही. पदर खांद्यावरून घेतला आणि पायात काही न घालता निघाली. मी खिडकीतून पाहिलं. बांधावरून मनुबाईच्या वाडीकडे वळली. रस्त्यात दोन बायका भेटल्या, त्यांच्याशीही ती थांबून बोलली, आणि त्या दोघी वळून आमच्या घराकडे बघत उभ्या राहिल्या.

हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी मारली नाही. या सबंध वर्षात माझ्या हातून बरं म्हणावं असं एवढंच झालं.